आमच्या कबरींना 'बेवारस' कोणी ठरवलं? दफनभूमी समितीला खुलं पत्र

नागपूर, ऑगस्टचा शेवटचा आठवडा

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
दफनभूमी व्यवस्थापन समिती

सप्रेम सलाम.

दफनभूमीचं नाव मी वर लिहिलेलं नाही. तुम्हाला ते सांगायची गरज नाही, आणि ज्यांची माणसं तिथे आहेत त्यांनाही नाही. कोणाची बदनामी करायला मी हे लिहीत नाही. माझे दोन अर्ज तुमच्या कार्यालयात पडून आहेत, त्यांच्या पोचपावत्या माझ्याजवळ आहेत, आणि तिसरा अर्ज देऊन उत्तराची वाट पाहत बसावं एवढा वेळ आता उरलेला नाही. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गेल्या पंधरवड्यात आपल्या ख्रिस्ती दफनभूमीच्या मागच्या भागात जेसीबी लावून जुन्या कबरींच्या चार रांगा सपाट केल्या गेल्या. चौथरे फोडले, दगड कडेला ढीग करून टाकले आणि त्यातले काही नव्या रस्त्याखाली भरणीला घातले. त्यावर मुरूम पडला की पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत, असं ठेकेदाराच्या माणसाने मला सांगितलं. त्या चार रांगांपैकी तिसऱ्या रांगेत माझी पणजी होती.

तिचं नाव इथे लिहीत नाही. ते माझ्या दोन्ही अर्जांत आहे. ती कोण होती ते मात्र सांगते, कारण जुन्या कबरी काढण्याच्या तुमच्या नोटिशीत तिच्यासाठी 'बेवारस' हा शब्द आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळातून मध्य प्रांत सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. आपल्याकडची जुनी माणसं त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणायची, संवत १९५६ चा म्हणून. त्या दुष्काळात घरची सगळी माणसं गेली आणि सात-आठ वर्षांची माझी पणजी कोणा अनोळखी माणसांच्या सोबतीने भंडाऱ्याकडून नागपूरला आली. मिशनच्या अनाथालयात वाढली. तिथेच तिचा बाप्तिस्मा झाला, नाव बदललं. पुढे बर्डीवरच्या मिशनच्या बायकांच्या दवाखान्यात ती नर्सचं काम शिकली. मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर असलेल्या माझ्या पणजोबांशी तिचं लग्न झालं. १९१८ साली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्या साथीने जेवढी माणसं नेली तेवढी देशात फार थोड्या प्रांतांत गेली असतील. रुग्णांची सेवा करता करता ती स्वतः पडली आणि आठवड्यात गेली. तेव्हा माझे आजोबा दोन वर्षांचे होते.

आजोबांना आईचा चेहरा आठवत नव्हता. त्यांना एवढंच सांगितलेलं होतं की, बापाने तिचा दगड स्वतः घडवला, वर्कशॉपची छिन्नी घरी आणून, आणि त्यावर तिच्या गावाचं नाव घातलं, कारण ती ते नाव शेवटपर्यंत विसरली नव्हती. गावाचं नाव मात्र आजोबांना माहीत नव्हतं. त्यांचे वडीलही ते लहान असतानाच गेले. सावत्र आईला विचारायची हिंमत झाली नाही, आणि विचारावंसं वाटलं तेव्हा तीही राहिली नव्हती. म्हातारपणी आजोबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायचे, "मायचा दगड कुठं तरी असन. त्याच्यावर गाव लिवलं हाय."

मी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये ३१ वर्षं टपालाची छाननी केली. पावसात भिजलेले, शाई पसरलेले, पिन कोड नसलेले, नुसता तहसील लिहिलेले पत्ते वाचायचं ते काम. अर्ध्या अक्षरावरून गाव ओळखायची सवय हाताला लागते. निवृत्त झाले त्याच महिन्यात मी आजोबांच्या मायचा दगड शोधायला लागले. त्याला सहा वर्षं झाली.

हे काम कसं चालतं ते समितीतल्या नव्या सभासदांना बहुधा माहीत नसावं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

आधी दफनाचं रजिस्टर. तुमच्याआधीच्या सचिवांनी मला कार्यालयातल्या टेबलाशी बसून ते पाहू दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार मी आजही मानते. १९१८ चं पुस्तक बांधणीतून सुटलेलं आहे, सुतळीने बांधून ठेवलेलं आहे, आणि त्याच्या खालच्या कोपऱ्याला उधई लागलेली आहे. सप्टेंबरपर्यंत त्यात एका पानावर दोन-तीन महिने मावतात. ऑक्टोबरपासून एका पानाला एक आठवडाही पुरत नाही. हस्ताक्षर दोनदा बदलतं. लिहिणारी माणसंही आजारी पडत असणार. पणजीची नोंद मला तिसऱ्या दिवशी सापडली. नाव, वय 'अंदाजे २६', नवऱ्याचं नाव, 'इन्फ्लुएंझा', आणि कबरीचा क्रमांक. गावाचा रकानाच त्या रजिस्टरात नाही.

पण तो क्रमांक जमिनीवर कुठेच नव्हता. नंतर कधीतरी सगळ्या कबरींना नवे क्रमांक दिले गेले आणि जुन्यावरून नवे शोधायचा तक्ता कोणी केला नाही. मग मी तारखांवरून मोजायला लागले. साथीत कबरी एकीला लागून एक, आल्या त्या क्रमाने खोदलेल्या असतात. तिसऱ्या रांगेत एका दगडावर ऑक्टोबर १९१८ ची तारीख वाचता येत होती आणि बरंच पुढे एका दगडावर नोव्हेंबरची. मधल्या जागेत बहुतेक नुसते मातीचे उंचवटे, त्यावर रायमुनिया आणि गाजर गवत. रजिस्टरमध्ये त्या दोन नोंदींच्या मधे जितकी दफनं होती तितक्या जागा मी पावलांनी मोजल्या. माझा हिशेब एका कडुनिंबाच्या बुंध्याशी येऊन थांबला.

गेल्या डिसेंबरात भाच्याला घेऊन सकाळी सातला तिथे गेले. दगड वाचायचा तर तिरपा उजेड लागतो. ऊन वरून पडलं की अक्षरं सपाट दिसतात. बाजूने पडलं की प्रत्येक खाचेची सावली उभी राहते. उजेड हवा तिथे नसेल तर आरसा धरून तो फिरवायचा. दगडाला तारेचा ब्रश लावायचा नाही, खडू फासायचा नाही, नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. भाच्याने माती काढली. खाली काळ्या दगडाचा खालचा अर्धा भाग होता, मधून तिरका तुटलेला. मी पाणी टाकलं, त्याने घरच्या कपाटाचा आरसा धरला, आणि एकेक अक्षर वर आलं.

पहिली ओळ तुटीत गेलेली. मग '…री, तह. साकोली, जि. भंडारा'. त्याखाली 'प्रभूमध्ये निजली', आणि सन १९१८.

'साकोली'नंतर पणजोबांना जागा पुरली नव्हती. 'जि. भंडारा' बारीक करून ओळीच्या वर चढवलं होतं. 'री'ची वेलांटी छिन्नी घसरून थोडी लांब गेली होती, आणि ती चूक लपवायला त्यांनी तिला शेवटी एक लहानसा गोल दिला होता. त्या गोलावर मी बोट ठेवलं. आमच्या घरात त्या माणसाचा फोटो नाही, सही नाही, त्यांच्या हातची दुसरी कुठलीही वस्तू नाही.

गावाचं नाव 'री'ने संपतं. ते सुरू कशाने होतं हे वरच्या अर्ध्यावर होतं, आणि तो वरचा अर्धा कडुनिंबाच्या मुळाखाली मातीत आडवा गेलेला होता. सब्बल घालून ओढला असता तर फुटला असता. झाडाला धक्का न लावता, मुळाच्या बाजूने हाताने माती काढून तो बाहेर घ्यायचा, तर समितीची लेखी परवानगी हवी होती. मी जानेवारीत अर्ज दिला. एप्रिलमध्ये दुसरा. दोन्हींवर आवक क्रमांक आहेत. उत्तर आलं नाही. ऑगस्टमध्ये जेसीबी आला. कडुनिंब गेला, मूळ गेलं, आणि दगडाचे दोन्ही भाग आता त्या ढिगात आहेत किंवा रस्त्याखाली आहेत.

एका गावाच्या नावासाठी एवढं कशाला, असं आपल्यापैकी एका सभासदांनी मला फोनवर विचारलं. त्यांचा स्वर चांगला होता; त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. त्यांना तेव्हा नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगते.

आपल्या शेजारपाजारच्या हिंदू घरांना पूर्वज शोधायचे तर वाटा असतात. त्र्यंबकेश्वरला, काशीला उपाध्यायांच्या वह्या आहेत. कोणाकडे वंशावळ सांगणारे भाट येतात. शेत असेल तर जमीन-महसुलाच्या बंदोबस्ताचे कागद असतात. विदर्भात तर कोतवाल पंजी आहे, जिच्यात गावातले जन्म आणि मृत्यू बापाच्या नावासकट लिहिलेले असतात; जातपडताळणीच्या निमित्ताने निम्मा जिल्हा तिची नक्कल मिळवायला तहसील कचेरीत रांग लावतो. मला दाखला नको, सवलत नको. पण गाव कळलं तर त्या गावची पंजी मागता येईल, आणि तिच्यात कदाचित १८९२-९३ च्या सुमारास जन्मलेली एक मुलगी सापडेल, तिच्या बापाच्या नावाने. दुष्काळात पोरक्या झालेल्या, नाव बदललेल्या मुलांच्या वंशजांना मागे जायला एवढी एकच वाट असते. आणि त्या वाटेचा पत्ता बऱ्याचदा फक्त दगडावर असतो.

'री'ने संपणारी गावं साकोलीच्या जुन्या तहसिलात किती असतील? मी यादी करायला घेतली होती. ती तहसील तेव्हा आजच्यापेक्षा मोठी होती, आणि भंडारा जिल्ह्यातून १९९९ साली गोंदिया वेगळा झाला, त्यामुळे निम्मी गावं आज दुसऱ्या जिल्ह्याच्या कागदांत आहेत. पहिलं अक्षर असतं तर यादी दोन-चार नावांवर आली असती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली नोटिशीची. ती एकाच कागदावर, इंग्रजीत, गेटच्या आतल्या बाजूला चिकटवली होती. मुदत ३० दिवस, तीही भर पावसाळ्यात, जेव्हा गुडघाभर गवतामुळे कोणी मागच्या रांगांत जात नाही. ती कुठल्याही चर्चमध्ये उपासनेच्या वेळी वाचली गेली नाही. मी पाच चर्चच्या मंडळ्यांत विचारलं. आपल्या समाजातली किती घरं रेल्वेची आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. अजनी, मोतीबागेतली पोरं आज बिलासपूर, जबलपूर, भिलाई, मुंबईला आहेत. ती वर्षातून एकदा येतात, २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं घेऊन. नोटीस लागली आणि संपली ती दोन नोव्हेंबरांच्या मधे.

दुसरी त्या शब्दाची. माझी पणजी बेवारस नव्हती. तिच्यासाठी दोन अर्ज तुमच्याकडे पडून होते. कोणत्या कबरीला वारस आहे आणि कोणत्या नाही हे ठरवताना निदान आपल्याच कार्यालयातले अर्ज चाळले गेले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. त्याच रांगांमध्ये आणखी किती जणांची माणसं होती हे मला माहीत नाही, कारण काढलेल्या कबरींची यादी समितीने केलेलीच नाही. मी मागितली तेव्हा "यादी नाही" एवढंच उत्तर मिळालं. या उत्तराने मला जेसीबीपेक्षा जास्त त्रास झाला.

तिसरी गोष्ट लिहायला जड जाते आहे, पण लिहायलाच हवी. समोरच्या भागातले इंग्रजी अक्षरांचे संगमरवरी दगड राखले गेले. त्यांच्याभोवती दोर बांधला, फलक लावला. बाहेरदेशाहून कोणी पूर्वजांची कबर पाहायला येतं तेव्हा त्यांना तिथे नेलं जातं, आणि ते योग्यच आहे. कामठी छावणीत २२-२३ व्या वर्षी मेलेला शिपाई हाही कोणाचा तरी पोरगा होता. त्या कबरींबद्दल माझ्या मनात काही नाही. पण जे दगड फुटले ते सगळे मागच्या भागातले, काळ्या दगडाचे किंवा कामठीच्या वाळूच्या दगडाचे, मराठी अक्षरांचे. आपल्याच समितीने आपल्याच भाषेतले दगड भरणीला घातले.

आणि जरा विचार करा, यात अधिक गरज कोणाच्या दगडाला होती. कंपनीच्या काळापासून इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला विलायतेला जात. कामठीची छावणी १८२१ ची, तिथे मद्रासची फौज असे, म्हणून तिथल्या नोंदी मद्रासच्या नोंदवह्यांत आहेत. त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेल्या आहेत. १९३२ साली नागपूरच्या सरकारी छापखान्यात मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या थडग्यांवरच्या लेखांची यादी छापली गेली, तीही मुख्यतः गोऱ्या लोकांच्या थडग्यांची. दक्षिण आशियातल्या अशा जुन्या दफनभूमींसाठी १९७६ पासून विलायतेत एक संस्था काम करते. म्हणजे समोरचा एखादा संगमरवरी दगड उद्या पडला तरी त्यावरचं नाव बहुधा कुठे ना कुठे सापडेल. मागच्या रांगेतल्या नर्सचं, फिटरचं, आयाचं, बायबल वाचून दाखवत गावोगाव फिरणाऱ्या बाईचं नाव त्या दगडाशिवाय कुठेच नव्हतं.

राखलेल्या दगडांनाही ॲसिड लावून धुतलं आहे. संगमरवर ॲसिडने विरघळतो. दोन दगडांवर शिशाची अक्षरं होती. त्यांतली काही निघून पडली आहेत. ती कोणी उचलून ठेवली नसतील तरी त्यांची बारीक भोकं उरली आहेत आणि भोकांच्या ठेवणीवरून अक्षर ओळखता येतं. कृपा करून ती भोकं सिमेंटने भरू नका.

रजिस्टरांबद्दल वेगळं लिहायला हवं. २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच, आपल्या नागपुरात, वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांना तो दिवस आठवतो. पण त्याआधीच्या प्रत्येक मंडळीची पुस्तकं वेगळी होती, आणि कोणतं पुस्तक कोणाच्या कपाटात गेलं याची एकत्र यादी आजही शोधणाऱ्याच्या हाती पडत नाही. माझ्या पणजीच्या बाप्तिस्म्याचं पान मला अजून सापडलेलं नाही. तुमच्याकडची दफनाची पुस्तकं तरी हातात आहेत. ती ओल येणाऱ्या खोलीत लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर आहेत. १९१८ च्या पुस्तकाचा खालचा कोपरा सहा वर्षांपूर्वी जेवढा खाल्लेला होता त्याच्या दुप्पट आज आहे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जागा कमी आहे, हे मला मान्य आहे. शहर वाढलं, माणसं वाढली, दफनभूमीची भिंत तिथेच राहिली. गेल्या वर्षी माझ्या मावससासूला दफन करायला आम्हाला एक दिवस थांबावं लागलं. जुन्या जागेत नवं दफन व्हायला माझा विरोध नाही. आपल्या घराण्यांत आजीच्या कबरीत नातवाला ठेवण्याची रीत आहेच. माझ्या पणजीच्या जागेत उद्या कोणी दुसरं निजलं तर तिला त्याचं काही वाटणार नाही असं मला वाटतं. साथीत तिने अनोळखी माणसांनाच कुशीत घेतलं होतं. जागा द्या. दगड फोडू नका, एवढंच म्हणणं आहे. दगड उचलून कुंपणाच्या भिंतीला लागून उभा करता येतो. त्याला वीतभर जागा लागते.

काटोल रोडवर जुनापाणीला जाऊन या. तिथे सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची दफनं. १८६७ साली रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने ती खोदून पाहिली. तशीच वर्तुळं पाहायला टाकळघाटला गेलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ ला परतीच्या वाटेवर बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांच्या नावाच्या कॉलेजात आपल्या कितीतरी घरांतली पोरं शिकली. ज्यांचं नाव, भाषा, देव काहीच कोणाला सांगता येत नाही अशा माणसांच्या दगडांना याच शहराच्या सीमेवर सरकारी संरक्षण आहे. आमच्या दगडांवर तर नाव होतं, गाव होतं, तारीख होती.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत.

सगळ्यात आधी, भरणीचं आणि पेव्हर ब्लॉकचं काम आजच्या आज थांबवा. ढिगातला एकही दगड हलवू नका. तो ढीग आम्हाला चाळू द्या. आम्ही १२ जण तयार आहोत. त्यांतल्या सात जणांची माणसं त्याच चार रांगांत होती. घमेली, चाळण्या, ब्रश, पाणी आमचं. अक्षर असलेला प्रत्येक तुकडा आम्ही धुऊन, फोटो काढून, क्रमांक घालून भिंतीशी मांडून ठेवू. रस्त्याखाली गेलेली भरणी अजून कच्ची आहे, वर मुरूमही पूर्ण पडलेला नाही. ती दोन दिवसांत उकरता येईल. मजुरी आम्ही देऊ.

काढलेल्या कबरींची यादी करा, आठवेल तशी का होईना. ठेकेदाराच्या माणसांना कुठून काय उचललं ते अजून आठवतं आहे. महिन्याभराने आठवणार नाही.

दफनाच्या सगळ्या रजिस्टरांचे पानोपान फोटो काढून घ्या. मूळ पुस्तक कार्यालयाबाहेर न्यायची गरज नाही. भाचा आणि त्याचे दोन मित्र कॅमेरा आणि दिवे घेऊन तिथेच येतील, तुमचा माणूस समोर बसेल. एक प्रत तुमच्याकडे, एक मंडळीकडे राहू द्या. पुस्तकं तोवर निदान वरच्या फळीवर ठेवा.

यापुढे कुठलीही जुनी कबर काढायची असेल तर नोटीस मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असावी, सगळ्या चर्चमध्ये वाचली जावी, आणि तिची मुदत किमान एक वर्ष असावी, म्हणजे मधे एक २ नोव्हेंबर येईल. दगड हलवण्याआधी त्याचा फोटो आणि जागेची नोंद व्हावी. जुन्या आणि नव्या क्रमांकांचा नकाशा करा. तिसऱ्या रांगेचा मी केलेला आहे, तो देते. आणि राखायचा कोणता दगड हे ठरवताना त्याची भाषा आणि दगडाची जात पाहिली जाऊ नये.

नुकसानभरपाई मागत नाही. कोणाला पदावरून काढा असंही म्हणत नाही. तुम्ही सगळे बिनपगारी हे काम करता, रात्री-अपरात्री फोन आला की कबर खोदायला माणसं लावता, हे मी विसरलेले नाही. माझ्या वडिलांच्या वेळी तुमच्यातलेच एकजण पहाटे चारला कंदील घेऊन उभे होते.

येत्या रविवारी उपासना झाल्यावर आम्ही बाराजण गेटवर येऊ. आरसा, चाळण्या आणि पाण्याचे कॅन सोबत असतील. मागच्या फाटकाची किल्ली तेवढी कोणाच्या तरी हाती पाठवा. आणि चाळताना कोणाला तिरका तुटलेला, काळ्या दगडाचा, वर नाव आणि खाली गावाची पहिली अक्षरं असलेला तुकडा दिसला, तर तो पुसू नका. मला हाक मारा.

आपली,
तिसऱ्या रांगेतल्या त्या नर्सची पणती